फायब्रोमायल्जिया: रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग का ठणकतं?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३९. दोन वर्षांपासून मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या सगळंच दुखतं. सकाळी उठताना अंग आखडलेलं असतं. आठ तास पडून राहिलं तरी झोप झाल्यासारखी वाटत नाही, बोलता बोलता साधे शब्द आठवत नाहीत. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) आणि आरए फॅक्टर (आमवाताची तपासणी) नॉर्मल, थायरॉइडचा टीएसएच ६.८, व्हिटॅमिन डी १४, कमरेच्या एमआरआयमध्ये ‘डिस्क बल्ज’. एक डॉक्टर म्हणाले मणक्यात गॅप आहे, दुसरे म्हणाले व्हिटॅमिन कमी आहे, तिसऱ्यांनी फायब्रोमायल्जिया सांगितला. घरचे म्हणतात, टेन्शन घेतेस म्हणून दुखतं. यातलं खरं कारण कोणतं?

उत्तर:

‘कोणतं’ म्हटलं की आपण एकच कारण शोधायला लागतो, आणि या दुखण्यात तिथेच फसगत होते. न्यूमोनियाला जंतू सापडतो, हाड मोडलं तर एक्स-रेत भेग दिसते. फायब्रोमायल्जियात असं एक बोट ठेवायला जागा नसते. दुखणं इतक्या जोराने का जाणवतं, ते सुरू कशामुळे झालं आणि दोन वर्षं टिकून का राहिलं, या तीन प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा तीन वेगळी निघतात. आणि या तिन्हींच्या आधी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे दुसरंच काही दुखणं याच्या आड लपलेलं नाही ना.

आधी ‘टेन्शन’चं बघू, कारण त्या शब्दाने दुखण्याइतकाच त्रास दिलेला असतो.

कपाळावर किंवा मांडीवर अंगठा टेकवा आणि नखाचं टोक पांढरं पडेपर्यंत दाबा. हा साधारण ४ किलोचा दाब झाला. निरोगी माणसाला तो नुसता दाब म्हणून जाणवतो. फायब्रोमायल्जिया असलेल्या माणसाच्या खांद्याच्या वरच्या कडेवर, कोपराच्या बाहेरच्या बाजूला किंवा गुडघ्याच्या आतल्या बाजूला तेवढाच दाब दिला तर तो कळवळतो, हात झटकन मागे घेतो. १९९० मध्ये अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने निदानाचे निकष ठरवले तेव्हा अशा १८ जागा नक्की केल्या होत्या, आणि त्यातल्या ११ दुखल्या तर निदान होत असे.

पुढे २००२ मध्ये हाच दाबाचा प्रयोग मेंदूचा एमआरआय चालू असताना केला गेला. रुग्णांच्या अंगठ्याच्या नखावर यंत्राने मोजून दाब दिला. निरोगी लोकांना जेवढं दुखायला ४ किलोच्या वर दाब लागत होता, तेवढंच दुखणं रुग्णांना अडीच किलोच्या आतच जाणवलं, आणि मेंदूतल्या वेदनेच्या जागाही तेवढ्यावरच उजळल्या. म्हणजे माणूस वाढवून सांगत नव्हता. मेंदूपर्यंत पोहोचणारा निरोपच मोठा होऊन पोहोचत होता.

हा निरोप मोठा होतो कुठे? त्वचेतून, स्नायूंतून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूत एका टप्प्यावर थांबून पुढे जातात. तिथे त्या वाढवताही येतात आणि दाबताही. फायब्रोमायल्जियात वाढवणारी बाजू जोरात चालते. पाठीतल्या पाण्यात ‘सबस्टन्स पी’ नावाचं वेदनेचा निरोप नेणारं रसायन निरोगी लोकांच्या तुलनेत सुमारे तिप्पट आढळलेलं आहे. मेंदूच्या इन्सुला नावाच्या भागात ग्लुटामेट वाढलेलं आढळलं आहे. उलट, मेंदूकडून खाली येऊन वेदना दाबणारी जी यंत्रणा असते, जी सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिनवर चालते, ती ढिली पडलेली असते. एका जागी एकसारखी हलकी टोचणी देत राहिलं तर निरोगी माणसाला ती थोडी वाढल्यासारखी वाटते आणि थांबवली की विरते. या रुग्णांत ती चढत जाते आणि थांबवल्यावरही रेंगाळते. कणीक मळून झाल्यावर हात तासभर ठणकत राहतो तो यामुळे. आवाज, उग्र वास, भगभगीत उजेड, थंडी या गोष्टी सहन होत नाहीत त्याचं मूळही इथेच आहे. संवेदना नुसत्या स्नायूंच्या नव्हे, सगळ्याच मोठ्या झालेल्या असतात.

या प्रकारच्या वेदनेला २०१७ पासून वेदनातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ‘नॉसिप्लास्टिक’ असं स्वतंत्र नाव दिलं आहे. इजा किंवा सूज ही एक वेदना, नस दबल्याची किंवा खराब झाल्याची दुसरी, आणि वेदनेची यंत्रणाच हळवी झाल्याची ही तिसरी.

इथे नावाचा इतिहास उगाच सांगत नाही, त्याचा उपचाराशी संबंध आहे. १९०४ मध्ये या दुखण्याला ‘फायब्रोसायटिस’ म्हटलं गेलं, म्हणजे तंतूंची सूज. मग स्नायूंचे तुकडे काढून तपासले गेले, पण सूज काही सापडेना. १९७६ मध्ये ‘सायटिस’ काढून ‘मायल्जिया’ आलं, म्हणजे नुसतं स्नायूंचं दुखणं. सूजच नाही, म्हणून सूज उतरवणाऱ्या गोळ्या इथे लागू पडत नाहीत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, स्टेरॉइड यांनी दोन दिवस बरं वाटल्यासारखं होतं आणि पोट, किडनी, हाडं यांचं नुकसान मात्र साठत जातं. मॉर्फिनच्या जातीची औषधंही चालत नाहीत, कारण शरीराची स्वतःची तशी रसायनं या रुग्णांत आधीच भरपूर असतात आणि ती पकडणारी कुलपं मोकळी कमी असतात.

आता, हे तुम्हालाच का झालं. पहिला वाटा जन्मजात. जवळच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे आईवडील, भावंडं, मुलं यांत कोणाला फायब्रोमायल्जिया असेल तर शक्यता सुमारे आठपट वाढते. एकच असा जीन नाही, अनेक बारीक फरकांची बेरीज असते. अशा घरांत मायग्रेन, आतड्याचा हळवेपणा, जबड्याचं दुखणं, पाळीतलं जास्तीचं दुखणं हेही हात धरून येतं. आईचं डोकं दुखायचं, मावशीचं पोट बिघडायचं आणि माझं अंग दुखतं, या तीन वेगळ्या गोष्टी नसून एकाच हळवेपणाची तीन रूपं असू शकतात. सांधे फार लवचीक असलेल्यांतही हे जास्त दिसतं. अंगठा मागे वळवून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकत असेल, गुडघे न वाकवता तळहात जमिनीला पूर्ण टेकत असतील, तर ते डॉक्टरांना सांगा.

सुरुवात करून देणारी गोष्ट मात्र बाहेरून येते. अपघातात मानेला बसलेला हिसका, मोठं ऑपरेशन, बाळंतपणानंतरचे झोपेविना गेलेले महिने, विषाणूचा ताप. आपल्याकडे यात चिकुनगुन्याचा वाटा मोठा आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची साथ आली होती, नंतर तो तीसेक वर्षं जवळजवळ दिसेनासा झाला आणि २००६ मध्ये महाराष्ट्रभर परतला. ताप आठवड्यात जातो, सांधे मात्र काहींचे महिनोन्महिने धरलेले राहतात. त्यातल्या काहींच्या सांध्यांची सूज पूर्ण उतरते, रक्तातला दाह संपतो आणि तरी सगळं अंग दुखतच राहतं. तिथे विषाणूने सुरुवात करून दिली, पुढचं काम हळव्या झालेल्या यंत्रणेने केलं. अशा रुग्णाला ‘अजून चिकुनगुन्या आहे’ म्हणून वर्षभर सुजेची औषधं देणं चूक, आणि दुसऱ्या बाजूला खरोखर सुजलेली बोटं असताना ‘फायब्रो आहे’ म्हणून सोडून देणंही चूक. बोटांच्या पेरांवर सूज आहे का, मूठ आवळता येते का, हे हात लावून बघितल्याशिवाय कळत नाही.

मनावरचा ताण, लहानपणी भोगलेली मारहाण किंवा दुर्लक्ष, घरातलं आजारपण यांनीही यंत्रणा हळवी होते. म्हणजे घरचे म्हणतात त्यात अर्धं तथ्य आहे. पण ताणाने दुखणं वाढतं याचा अर्थ दुखणं खोटं आहे असा होत नाही. ताणाने रक्तदाबही वाढतो, आणि त्याला कोणी नाटक म्हणत नाही. शिवाय उदासपणा अजिबात नसलेले कितीतरी रुग्ण असतात.

झोपेचा मुद्दा मात्र सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो. १९७५ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी निरोगी तरुणांची फक्त गाढ झोप मोडली. त्यांना पूर्ण जागं केलं नाही, गाढ टप्प्यात गेले की आवाजाने वर आणलं, बस. काही रात्रींतच त्यांचं अंग दुखायला लागलं, सकाळी आखडायला लागलं, दाबल्यावर दुखणाऱ्या जागा वाढल्या. नीट झोपू दिल्यावर ते परत ठीक झाले. म्हणून ‘दुखतं म्हणून झोप लागत नाही’ एवढंच सांगून भागत नाही. झोप नीट लागत नाही म्हणूनही दुखतं. आठ तास पडून उठल्यावर अंग मोडल्यासारखं असेल तर घोरणं, झोपेत श्वास अडणं, रात्री पायात वळवळ होऊन ते हलवावेसे वाटणं या तीन गोष्टी घरच्यांना विचारा. पायांच्या वळवळीत फेरिटिन तपासावं. हिमोग्लोबिन बरं असलं तरी लोहाचा साठा रिकामा असू शकतो.

अलीकडच्या दोन शोधांबद्दलही लोक विचारतात. फायब्रोमायल्जियाच्या जवळपास निम्म्या रुग्णांत त्वचेचा बारीक तुकडा तपासला तर वेदना वाहणारे सूक्ष्म तंतू कमी झालेले दिसतात. आणि २०२१ मध्ये लंडन, लिव्हरपूल आणि स्टॉकहोमच्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं उंदरांना दिली, तेव्हा उंदीर दाबाला आणि थंडीला जास्त हळवे झाले. निरोगी लोकांच्या प्रतिपिंडांनी तसं झालं नाही. माझ्या मते हे पुढच्या दहा वर्षांचं सगळ्यात महत्त्वाचं दार आहे, पण आज त्यावरून कोणती रक्ततपासणी करावी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करावं असं अजिबात नाही. तसं कोणी विकत असेल तर घेऊ नका. पायांची आग आणि बधिरपणा ठळक असेल तर साखर आणि बी-ट्वेल्व्ह मात्र जरूर बघावं.

आता तुमच्या रिपोर्टांकडे.

व्हिटॅमिन डी १४ म्हणजे कमी आहेच, २० च्या खाली कमतरता धरतात. पण आपल्याकडे उन्हाळी गावांतसुद्धा १४ असलेले, काहीही न दुखणारे लोक रस्तोरस्ती आहेत. स्नायू आणि हाडं खरोखर दुखावीत अशी स्थिती, म्हणजे हाडं मऊ पडणं, बहुधा पातळी १० च्या खाली बराच काळ राहिल्यावर येते. त्याची ओळख वेगळी आहे. नडगीवर किंवा छातीच्या मधल्या हाडावर बोटाने दाबलं की हाड दुखतं. जमिनीवर मांडी घालून बसल्यावर हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही. जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत, चाल बदकासारखी डुलते. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं असतं, फॉस्फरस कमी असतं. यातलं काही असेल तर डी हेच कारण धरा. नसेल तर कमतरता भरून काढा, पण तेवढ्याने दोन वर्षांचं दुखणं जाईल अशी आशा धरू नका. नेहमीची मात्रा म्हणजे ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, ८ आठवडे, दुधाबरोबर किंवा जेवणानंतर, आणि मग महिन्यातून एकदा. इथे होणारी चूक ठरलेली आहे. आठ आठवड्यांची चिठ्ठी संपते आणि बरं वाटतंय म्हणून माणूस दर आठवड्याची गोळी वर्षानुवर्षं घेत राहतो, किंवा त्यावर ६ लाखांचं इंजेक्शन मारून घेतो. मग रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी लघवी, किडनीवर ताण. आणि गंमत नव्हे, खरंच सांगतो, जास्त झालेल्या कॅल्शियमनेही अंग गळून जातं.

टीएसएच ६.८. थायरॉइड खरोखर मंद असेल, टीएसएच २०, ४०, टी-फोर (थायरॉइडचं संप्रेरक) कमी, तर स्नायू दुखतात, पेटके येतात, सीपीके (स्नायूंतलं एन्झाइम) वाढतं, हालचाल जड होते, आणि गोळी सुरू केल्यावर काही महिन्यांत हे सगळं ओसरतं. पण टी-फोर नॉर्मल असताना ५ ते १० मधला टीएसएच सगळं अंग दुखण्याचं कारण क्वचितच असतो. फ्री टी-फोर आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं) करून घ्या आणि दोन-तीन महिन्यांनी टीएसएच परत बघा. केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, तिने थायरॉइडचे आकडे चुकतात. थायरॉइडची गोळी सुरू झालीच तर ती रिकाम्या पोटी, चहाच्या अर्धा तास ते तासभर आधी घ्या. तिच्यात आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवा. गोळी घेऊनही टीएसएच उतरत नाही अशा अनेकांच्या बाबतीत हेच अंतर पाळलेलं नसतं.

डिस्क बल्जने घाबरू नका. काहीही न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढले तर विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांत बल्ज दिसतो आणि ऐंशीच्या घरात ८० टक्क्यांहून जास्त लोकांत. कमरेतल्या बल्जने नस दाबली गेली तर कळ एका पायात, पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत जाते, खोकल्यावर वाढते. मान, दोन्ही खांदे, छाती आणि दोन्ही मांड्या कमरेच्या गादीमुळे दुखू शकत नाहीत. ‘मणक्यात गॅप’ हे शब्द ऐकून लोक वाकणं सोडतात, पट्टा बांधतात, चालणं कमी करतात, आणि त्यातून स्नायू आणखी कमजोर होतात.

याच जातीचे आणखी काही आकडे नाहक बदनाम झालेले आहेत. एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी) १:८० ला पॉझिटिव्ह दर सात-आठ निरोगी माणसांत एकाचं येतं. एएसओ वाढलेलं असणं म्हणजे जुना घसादुखीचा जंतू भेटून गेला होता, एवढंच. युरिक अ‍ॅसिड ७ असताना अंगठ्याचा सांधा एका रात्रीत लालबुंद सुजला तर तो गाउट, पण त्या आकड्याने सगळं अंग दुखत नाही. १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघर फिरून सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी झाली, तेव्हा दुखतंय म्हणणारे भरपूर निघाले आणि आमवाताचे त्यात अगदी थोडे. बहुतेक दुखणी रक्ताच्या रिपोर्टात न दिसणारीच असतात.

पण काही दुखणी खरोखर निसटू शकतात, आणि ती निसटता कामा नयेत.

दुखणं आणि ताकद जाणं यात फरक करा. फायब्रोमायल्जियात दुखतं म्हणून काम थांबतं, पण एकदा जोर लावायला सांगितला तर जोर लागतो. स्नायूंच्या खऱ्या दाहात दुखणं कमी आणि ताकद जाणं जास्त असतं. केस विंचरायला हात वर जात नाही, खुर्चीतून हात छातीशी बांधून उठता येत नाही. तिथे सीपीके तपासावं. हे रक्त जड व्यायामानंतर तीन-चार दिवसांत किंवा कमरेत इंजेक्शन घेतल्यावर लगेच देऊ नये, त्यानेही आकडा चढतो आणि विनाकारण घबराट होते.

कमरेचं आखडणं विश्रांतीने वाढत असेल आणि हालचालीने कमी होत असेल, पहाटे तीन-चारला दुखून जाग येत असेल, टाचा दुखत असतील, कधी डोळा लाल होऊन दुखला असेल आणि सुरुवात पंचेचाळिशीच्या आधीची असेल, तर कण्याचा दाहक संधिवात बघायलाच हवा. बायकांत तो वर्षानुवर्षं फायब्रोमायल्जिया म्हणून फिरत राहतो. सीआरपी नॉर्मल असतानाही तो असू शकतो, माकडहाडाच्या वरच्या सांध्यांचा एमआरआय लागतो.

पन्नाशीनंतर, विशेषतः साठी-सत्तरीत, अचानक दोन्ही खांदे आणि खुबे आखडले, सकाळी पाऊण तासाहून जास्त वेळ हात वर जात नाहीत, ईएसआर (रक्तातला दाह दाखवणारा आकडा) वाढलेला आहे, असं असेल तर ते पॉलिमायल्जिया. १५ मिलिग्रॅमच्या आसपास प्रेडनिसोलोन दिल्यावर काही दिवसांत माणूस उठून बसतो. त्याच्याबरोबर कानशिलाला दुखणं, घास चावताना जबडा दमणं किंवा नजर अंधुक होणं असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा, डोळा जाऊ शकतो.

औषधांची यादी काढा. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी दोन्ही मांड्या आणि पोटऱ्या दुखू शकतात, बहुतेकदा सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांत. वर क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक आलं तर धोका वाढतो. लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली तर थांबायचंच नाही, लगेच दवाखाना. स्तनाच्या कर्करोगानंतरच्या लेट्रोझोलने सांधे आणि अंग दुखतं. पण हृदयात स्टेंट असताना स्टॅटिन किंवा कर्करोगानंतर लेट्रोझोल परस्पर बंद करू नका. डॉक्टर काही आठवडे थांबवून किंवा बदलून बघू शकतात.

आणि पुड्या. सांधेदुखीवर लेबल नसलेली पावडर, काळ्या-तपकिरी गोळ्या, ‘एकदम गावठी, साइड इफेक्ट नाही’ म्हणून मिळणारं औषध यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. पहिल्याच दिवशी जादू होते, तीच त्याची खूण. काही आठवड्यांत शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवतं. मग पुडी संपली किंवा कोणी सांगितलं म्हणून एकदम बंद केली, की सगळं अंग मोडून येतं, मळमळतं, उभं राहिल्यावर चक्कर येते, अंगात त्राण राहत नाही. माणसाला वाटतं, बघा, पुडी किती गुणकारी होती, आणि तो परत तिच्याकडे जातो. इथे दुखण्याचं कारण पुडी सुटणं हेच असतं. चेहरा गोल झाला असेल, मुका मार न बसता निळे डाग पडत असतील, साखर नव्याने वाढली असेल तर संशय घ्या. एकदम थांबवू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, सकाळी आठचं कॉर्टिसोल तपासून, मोजकं स्टेरॉइड देऊन हळूहळू उतरवावं लागतं. ‘पुडी घेत होते’ हे सांगायला लाजू नका, न सांगितल्याने जीवावर बेततं.

एक दुखणं फायब्रोमायल्जियाच्या अगदी शेजारी राहतं, स्नायूतली गाठ. लोक ‘गोळा आलाय’ म्हणतात. स्नायूत बोटाखाली ताणलेली दोरी लागते, तिच्यात एक दाणा, आणि तो दाबला की दुखणं दुसरीकडेच उमटतं. मानेच्या आणि खांद्याच्या मधल्या स्नायूतला दाणा कानशिलात दुखतो, आणि माणूस डोकेदुखीच्या गोळ्या खातो. खांद्याच्या फऱ्यावरचा दाणा दंडाच्या पुढच्या बाजूला दुखतो. कुल्ल्यातला दाणा मांडीच्या बाहेरून खाली जातो आणि ‘सायटिका’ म्हणवला जातो. तासन्‌तास शिलाई मशिनवर, लॅपटॉपसमोर मान पुढे काढून, किंवा एका खांद्यावर बॅग अडकवून हे होतं. हे दुखणं एका भागापुरतं असतं आणि ताणाचे व्यायाम, दाब, कधी सुई यांनी मोकळं होतं. पण अशा चार-पाच जागा वर्षभर दुर्लक्षित राहिल्या तर त्यांचा सततचा मारा मज्जारज्जूला हळवं करतो, आणि एका जागेचं दुखणं अंगभर पसरतं. गुडघ्याची झीज किंवा आमवात असलेल्यांचंही असंच होतं. आमवाताच्या साधारण पाचातल्या एकाला वरून फायब्रोमायल्जियाही असतो. म्हणून ‘दुसरा आजार सापडला म्हणजे फायब्रो नाही’ असं नसतं, २०१६ च्या सुधारित निकषांनी हे स्पष्ट लिहिलं आहे.

त्याच निकषांनी तुम्ही घरी बसून अंदाज घेऊ शकता. शरीराचे १९ भाग धरतात: दोन्ही जबडे, खांदे, दंड, कोपराखालचे हात, कुल्ले, मांड्या, पोटऱ्या, हे झाले १४, आणि मान, पाठ, कंबर, छाती, पोट हे ५. गेल्या सात दिवसांत जिथे दुखलं त्याला प्रत्येकी १. मग थकवा, उठल्यावर न उतरलेली झोप आणि विसराळूपणा यांना प्रत्येकी ० ते ३. सहा महिन्यांत डोकेदुखी, ओटीपोटात कळ, उदासपणा यांपैकी असेल त्याला प्रत्येकी १. पहिली बेरीज ७ किंवा जास्त आणि दुसरी ५ किंवा जास्त, अथवा पहिली ४ ते ६ आणि दुसरी ९ किंवा जास्त, दुखणं अंगाच्या पाचपैकी (डावी-उजवी वरची, डावी-उजवी खालची आणि मधला कणा) किमान चार बाजूंना, आणि तीन महिने असंच. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून तिसऱ्या डॉक्टरांचं निदान मला पटण्यासारखं वाटतं. हा कागद भरून तारीख घालून ठेवा, तीन महिन्यांनी परत भरा. उपचाराचा उपयोग होतोय का हे ‘आज बरं वाटतंय’पेक्षा त्यातून जास्त कळतं.

राहिला प्रश्न टिकून का राहिलं. तुमच्या बाबतीत मला इथेच सगळ्यात जास्त काम दिसतं. बहुतेकांचं चक्र असं असतं: एखादा दिवस बरा जातो, त्या दिवशी साठलेले कपडे, फराळ, पाहुणे सगळं उरकलं जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग इतकं ठणकतं की चार दिवस अंथरूण. चार दिवसांत स्नायू आणखी सुस्तावतात, पुढच्या वेळी निम्म्या कामालाच तेवढं दुखतं. हे चक्र तोडायला दुखण्यावर नव्हे, घड्याळावर चालायचं. वाईट दिवशीसुद्धा जेवढं चालणं जमतं ते मोजा, समजा १२ मिनिटं. सुरुवात त्याच्या निम्म्याने, ६ मिनिटांनी, सपाट रस्त्यावर, रोज. बऱ्या दिवशीही ६ च. दर आठवड्याला एक-एक मिनिट वाढवा. दोन-अडीच महिन्यांत १५ मिनिटांवर याल, पुढे २० ते ३० मिनिटं आठवड्यातून तीनदा आणि दोनदा हलका जोराचा व्यायाम. व्यायामानंतर एक-दोन दिवस दुखणं वाढलं तर ते नुकसान झाल्याचं लक्षण नाही, पण तिसऱ्या दिवशीही उतरलं नाही तर मागच्या आठवड्याच्या मिनिटांवर या. २०१७ च्या युरोपीय मार्गदर्शनात ठामपणे शिफारस केलेला एकच उपाय आहे, तो हा.

औषधं याला मदत म्हणून येतात. झोप मोडत असेल तर अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम, रात्री साडेआठ-नऊला. अकराला घेतलं तर सकाळी डोकं जड राहतं आणि लोक दोन दिवसांत सोडून देतात. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधी सांगा. उदासपणाही असेल तर ड्युलोक्सेटिन ३० पासून, प्रीगॅबालिन रात्री ७५ पासून. प्रीगॅबालिनने वजन वाढतं, पाय सुजू शकतात. ही ड्युलोक्सेटिनची गोळी ‘मानसिक रोगाची’ म्हणून घरात कोणी नाक मुरडलं तर सांगा की वेदना दाबणारी यंत्रणा ज्या रसायनांवर चालते तीच ही गोळी वाढवते. औषध लागू पडतं का हे ठरवायला सहा ते आठ आठवडे द्या.

पुढच्या भेटीला जाताना या गोष्टी हातात असू द्या: वरचा भरलेला कागद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या-पुड्या पाकिटासकट, आणि सीबीसी, ईएसआर, फ्री टी-फोर, सीपीके, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, फेरिटिन, साखर यांपैकी जे झालेलं नाही ते. यापलीकडचं पॅकेज घेऊ नका. आणि वजन उतरायला लागलं, रोज संध्याकाळी ताप चढू लागला, बोटांचे सांधे दिसण्याइतके सुजले, हातापायातली ताकद गेली, किंवा लघवी-संडासच्या जागेला बधिरपणा आला, तर भेटीच्या तारखेची वाट बघू नका.